कानात सांगितलेले सिनेमे

आमच्या घरात मराठी बोलणारी माणसं दोनच. एक मी आणि दुसरे हे. त्यातही बोलणारी मी आणि ऐकणारे हे, अशी वाटणी लग्नापासूनच ठरून गेलेली. मुलगी लग्न होऊन परदेशी गेली. तिची पोरं फोनवर "आजी, हाय" म्हणतात आणि पळतात. इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत खाली कानडी, वर मल्याळी, समोर हैदराबादचे. भाजीवाल्याशी मी कानडीत भांडते, कामवालीशी अर्ध्या कानडीत नि अर्ध्या खुणांनी, आणि बँकेतल्या पोरींशी हिंदीत. म्हणजे दिवसभरात माझ्या तोंडून जे काही मराठी बाहेर पडतं, ते सगळंच्या सगळं एका माणसाच्या कानात जातं. हा हिशेब मी कधी केला नव्हता. कान धड होते तोवर कशाला करीन?

मी साताऱ्याची. लग्न करून बंगलोरला आले तेव्हा हवं असलं तर बेकु आणि नको असलं तर बेडा, एवढ्या दोन शब्दांवर मी संसार रेटला. हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर. इंजिनांच्या चाचण्या जिथं होतात त्या विभागात यांची सगळी नोकरी गेली. कानडी आणि तमिळ मिस्त्र्यांत राहून दोन्ही भाषा अशा सफाईनं बोलायचे की रिक्षावाले यांना इथलेच समजायचे. घरात मात्र बोलायच्या नावानं शंख. चहा झाला का, पेपर कुठाय, किल्ली दे. झालं, संपला यांचा संवाद. सुरुवातीला मला वाटायचं, माझं काही चुकलं की काय. मग कळलं, माणूसच तसा. आतून बरा, पण तोंडाला कुलूप.

ते कुलूप एकाच ठिकाणी उघडायचं. सिनेमाला. शिवाजीनगरकडच्या एका जुन्या थिएटरात हे मला पहिला कानडी सिनेमा दाखवायला घेऊन गेले. दिवे गेले, पडद्यावर कुणीतरी काहीतरी बोललं, आणि माझ्या कानाशी यांचे ओठ आले. "ती म्हणतेय, आता पुन्हा येऊ नकोस. तो म्हणतोय, छत्री राहिलीये, तेवढी दे." असं अख्खा सिनेमाभर! वाक्य पडलं की मराठीत हजर. बायकांचं बोलणं बायकी, म्हाताऱ्यांचं म्हातारं, आणि खलनायकाचं बोलणं तर यांच्या साहेबाच्या आवाजात. मी गारच पडले. हा माणूस एवढं बोलू शकतो? लोक सिनेमाला सिनेमा बघायला जातात. मी नवऱ्याचं बोलणं ऐकायला जायला लागले.

पुढं मला कानडी चांगलं यायला लागलं. पण सिनेमात कान पुढे करायचं मी सोडलं नाही. यांनाही ते कळत असणार, कारण बाजारात यांच्यादेखत मी कानडीत घासाघीस करायची. तरी हे सांगायचे आणि मी ऐकायची. तमिळ मात्र मला आजतागायत आलं नाही. तिथं मी पूर्णपणे यांच्यावर अवलंबून.

हे रिटायर झाल्यावर आम्हाला बंगल्याचा शोध लागला. होसूरच्या रस्त्यानं तमिळनाडूची हद्द यायच्या थोडं अलीकडे एक फाटा लागतो. तिथं आत एक दगडी बंगला आहे. कुणा गोऱ्या साहेबानं बांधलेला, पुढं गोल पोर्च, टोकदार लाकडी झालरी, आणि समोर हिरवळ. बंगल्याची मागची भिंत जिथं संपते, तिथून पुढं तमिळनाडूच. ज्यांच्याकडं तो वारशानं आला त्यांनी तो मोडला नाही की त्याचं हॉटेल केलं नाही. डागडुजी करून तिथं महिन्यातून एकदा उघड्यावर सिनेमा दाखवायला लागले. तिकीट नाही. आपली चटई आपण आणायची. पोर्चच्या दोन खांबांमध्ये पांढरं कापड ताणून बांधतात, हिरवळीच्या मागच्या टोकाला प्रोजेक्टर. अलीकडच्या गावांतले कानडी येतात, पलीकडचे तमिळ येतात, बंगलोरहून आमच्यासारखी रिकामटेकडी येतात. म्हणून तिथला रिवाज असा, की एका महिन्यात कानडी सिनेमा आणि एका महिन्यात तमिळ. त्यात कुणी हेराफेरी करायची नाही. एकदा लागोपाठ दोन तमिळ लागले तर कानडी मंडळी चटया गुंडाळून उठून गेली होती म्हणे. पुढल्या वेळी त्यांना दोन कानडी लावून दिले, तेव्हा मिटलं.

सिनेमे सगळे जुने. खाली इंग्रजी अक्षरं येत असली तरी पुढच्या डोक्यांआड जातात. मला काय त्याचं! माझी अक्षरं माझ्या शेजारी बसलेली असायची.

बंगल्याची राखण करणारं जोडपं तिथंच मागं दोन खोल्यांत राहतं. त्यातल्या बाईला मी अक्का म्हणते. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी इकडं येऊन राहिलेल्या मराठी घराण्यांपैकी एकातली. पहिल्या दिवशी मी यांना म्हटलं, "अहो, चटई जरा सरळ घाला की," तर कॉफीच्या पिंपाशी उभी असलेली ही बाई ओरडली, "अय्यो, आपलीच की ही!" तिचं मराठी ऐकून साताऱ्यात लोक चक्रावतील, पण मला ते अमृत वाटलं. "स्वल्प साखर घालू का गं?" असं म्हणते. कानडी, तमिळ, तेलुगू सगळं तिला येतं, कुठली भाषा कुठं संपते हे तिला माहीतही नाही. सिनेमा मात्र ती आमच्यात बसून बघायची नाही. ती नि तिचा नवरा पडद्याच्या मागं, व्हरांड्यात बसायचे. कापड पातळ, मागूनही चित्र दिसतं. फक्त उलटं. सगळी माणसं डावखुरी.

तर यांचे कान. सुरुवात कधी झाली ते सांगता येणार नाही. टीव्हीचा आवाज वाढला तेव्हा मी म्हटलं, टीव्ही जुना झाला. दारावरची बेल ऐकू आली नाही तेव्हा म्हटलं, लक्ष नसेल. कारखान्यातले जुने मित्र सकाळी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफीला जमतात, तिथं जायचं यांनी बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "तेच तेच बोलतात." मी म्हटलं, बरोबर आहे, बोलतातच. आणि माझ्या बोलण्यावर "हं, हं" सुरू झालं. तसं ते आधीही होतंच, त्यामुळं त्यातला बदल माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. आयुष्यभर इंजिनांच्या गर्जनेत उभा राहिलेला माणूस. मला कळायला हवं होतं. पण मी बोलत होते ना, मग ऐकायला सवड कुणाला?

कानडी सिनेमात कानात सांगायचं यांनी बंद केलं, म्हणाले, "तुला येतं की आता." उलट बंगल्यावरच्या तमिळ सिनेमांना तर नवा बहर आला होता. यांचं सांगणं आधीपेक्षा लांबलं, रंगलं. माणसं पडद्यावर दोन शब्द बोलायची आणि माझ्या कानात चार वाक्यं यायची. मी एकदा म्हटलंही, "एवढं कधी बोलला तो?" तर म्हणाले, "तमिळ भाषा फार आटोपशीर आहे." पटलं मला! आणखी एक गोष्ट मला फार आवडायची. त्या सिनेमांत कुणी मरत नसे. म्हणजे मरताना दिसायचं, हंबरडा वगैरे फुटायचा, आणि हे कानात सांगायचे, "स्वप्न पडलंय तिला." किंवा, "हे त्याच्या मनात आलंय नुसतं." तमिळ लोक स्वप्नं फार बघतात, असं माझं ठाम मत झालं होतं. मी ते मुलीलाही फोनवर सांगितलं होतं. ती म्हणाली, "आई, तू कुठले सिनेमे बघतेस?"

एका तमिळ महिन्यातली गोष्ट. त्या दिवशी व्हरांड्यात रंगाचं काम चाललेलं, म्हणून अक्का तिची चटई घेऊन आमच्याशेजारी येऊन बसली. हवा छान होती. सिनेमा एका गरीब घरातला. मध्यावर एक प्रसंग आला. मुलगा बाहेरून येतो, स्वयंपाकघरात आईसमोर पाटावर बसतो. आई चुलीशी पातेल्यात डाव फिरवतेय. तो खाली बघत काहीतरी बोलतो. आईचा हात थांबतो. ती वळून त्याच्याकडं बघते, बराच वेळ बघते, मग एवढंसं काहीतरी बोलते.

माझ्या कानात आलं, "तो म्हणतोय, आई, आज आमटीत मीठ नाही. ती म्हणतेय, बापाला सांग, त्यानंच केलीये."

मी फस्सकन हसले. मला हसू आवरतच नाही, आणि माझं हसणं काही पदरातलं नाही, चांगलं चार घरं जागी होतील असं. सगळी हिरवळ चिडीचूप. पुढच्या रांगेतली माणसं मागं वळली. एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला होता तो तसाच धरून ती माझ्याकडं बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी विसरणार नाही.

अक्कानं माझ्या मांडीवर थाड्कन चापट मारली. "काय की गं, हासतीस काय? त्याचा अप्पा गेला आस्पत्रेत, तेच सांगतोय की तो आईला!"

"आणि आई काय म्हणाली?"

"जेवलास काय म्हणून विचारली."

मी यांच्याकडं वळले. हे पडद्याकडं बघत होते. अक्का एवढ्या जोरात बोलली होती, चापट मारली होती, अख्खी हिरवळ आमच्याकडं बघत होती. यांना काहीच माहीत नव्हतं. हे आपले पुढच्या वाक्यासाठी पडद्यावरच्या माणसाच्या तोंडाकडं डोळे लावून बसले होते. आणि मग माझ्याकडं झुकून म्हणाले, "आता तो म्हणतोय, लोणचं तरी वाढ."

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, ते मला त्या चटईवर बसल्या बसल्या कळलं.

घरी येताना गाडीत मी तोंड सोडलं. किती दिवस हे चाललंय? एक तरी सिनेमा खरा सांगितलात का? मला खुळी समजता? लोकांचा बाप मेल्यावर मी हसले, माझी अब्रू गेली, त्या म्हातारीला मी काय वाटले असेन? हे गाडी चालवत होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाले, "काय म्हणालीस?"

दुसऱ्या दिवशी मी अक्काला फोन लावून आधीचे तमिळ सिनेमे एकेक करून विचारले. तिनं सगळे सांगितले. बहीण आगीत गेलेली. मास्तर तुरुंगात मेलेला. एक लहान पोर तापानं गेलेलं, ज्याच्याबद्दल मला कानात सांगितलं होतं की ते मामाच्या गावाला गेलं. स्वप्न एकही नव्हतं. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. राग तर होताच, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली. हा माणूस मला दिसत होता, हॉलमध्ये पेपर वाचत बसलेला, आणि तिथं पोचत मात्र काही नव्हतं. मी एवढ्या वर्षांत जे जे बोलले, भाजीवाल्याची लबाडी, बहिणीचं गुडघ्याचं दुखणं, माझ्या आईची आठवण, ते सगळं या एका माणसापाशी ठेवलं होतं. आता घरात मी मराठी बोलायचं तरी कुणाशी? भिंतीशी?

दुपारी मी समोर बसून, तोंड दिसेल असं सावकाश सांगितलं, कानाच्या डॉक्टरकडं जायचंय.

"मला ऐकू येतं," हे म्हणाले. "बंगल्यावर वारा असतो. स्पीकर फाटका आहे."

"स्पीकर सगळ्यांसाठी फाटका आहे का तुमच्या एकट्यासाठी?"

"ते यंत्र लावलं की लोक माणसाशी ओरडून बोलतात. वेड्याशी बोलावं तसं. मी अजून तसा झालेलो नाही." आणि पेपर वर घेतला. विषय संपला. इंजिनिअर माणूस. हजारो यंत्रं हाताखालून गेली, पण स्वतःला एक लावायचं म्हटलं तर नन्नाचा पाढा.

मग मी आमच्या घराण्याचं जुनं हत्यार काढलं. अबोला. माझ्या आईनं वडिलांना अबोल्यावर सरळ केलेलं मी बघितलंय. चहाचा कप पुढं आदळायचा, ताट वाढायचं, शब्द नाही. सकाळपासून मी एक अक्षर बोलले नाही. चहा झाला, जेवण झालं, संध्याकाळी फिरून आलो. हे नेहमीसारखे. अगदी खुशीत. मध्येच "हं, हं" म्हणून मानही हलवली.

माझ्या अबोल्याला! मी काही बोललेच नव्हते, आणि हे हो म्हणाले.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. नळ कशाला सोडला कुणास ठाऊक, कुणाला ऐकू जाणार होतं?

पण यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही, हेही पूर्ण खरं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत बसले होते, तर हे समोर येऊन बसले आणि माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुझं तोंड बंद आहे."

मी बघितलं फक्त.

"कालपासून बंद असावं. मला आत्ता लक्षात आलं. रागावलीयस तू." पालकाची एक काडी उचलून मोडली. "तू कान पुढं करून बसायचीस. पहिल्यापासून. त्या कानात काहीतरी घालायला नको का? काही ऐकू आलं नाही म्हणून सांगितलं असतं, तर तू कान मागं घेतला असतास."

लग्नाला एवढी वर्षं झाली, थिएटरबाहेर हा माणूस माझ्याशी एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. माझा अबोला तिथंच संपला. पण डॉक्टरचं नाव काढलं की हे उठून गच्चीवर झाडांना पाणी घालायला जायचे. झाडं कुजायची वेळ आली.

पुढचा महिना कानडीचा. हे म्हणाले, "तू जा. मी घरी बसतो." आज बंगला सुटतोय, दर्शिनी आधीच सुटली, उद्या मीही सुटेन. मी म्हटलं, "कानडी मला येतं. या वेळी मी सांगते, तुम्ही ऐका." हातवारे करून तीनदा सांगितलं. चटई मीच गाडीत टाकली, गाडीचं दार उघडून उभी राहिले, तेव्हा कुठं आले.

सिनेमा एका म्हाताऱ्या जोडप्याचा होता. नवरा रिटायर्ड पोस्टमास्तर, बायको आजारी, पोरं लांब. मी यांच्या कानाशी तोंड नेऊन सुरुवात केली. "ती म्हणतेय, गोळी कडू आहे." हे पडद्याकडं बघत राहिले. मी आवाज चढवला. "गोळी कडू आहे!" पुढून कुणीतरी शुक्‌ केलं. "म्हातारा म्हणतोय, गूळ देऊ का!" आता चारी बाजूंनी शुक्‌ शुक्‌. एक कॉलेजचा मुलगा वळून फार अदबीनं म्हणाला, "आंटी, प्लीज." हे खाली मान घालून चप्पल शोधायला लागले. ऐकू आलं नव्हतं, पण लोक वळलेले दिसले होते.

तेवढ्यात पोर्चच्या कडेनं अक्का आली. तिनं माझा दंड धरला. "चल गं मागं. इथं पुढं बसून का बोंबलतीस? मागं माझा नवराही जन्माचा बडबड्या, कोणी काय म्हणत नाही. तुझ्या यजमानांनाही आण."

आम्ही व्हरांड्यात गेलो. दगडाची थंड फरशी, नव्या रंगाचा अजून न गेलेला वास, कॉफीचं पिंप. समोर तेच कापड, पण सगळं उलटं. प्रोजेक्टरचा दिवा कापडातून थेट डोळ्यांवर. म्हातारा डाव्या हातानं बायकोला गूळ भरवत होता. स्पीकरची तोंडं हिरवळीकडं, त्यामुळं इथं आवाज अंधूक, पण माझे कान शाबूत आहेत. अक्काच्या नवऱ्यानं यांना खुर्ची दिली. मी शेजारी वेताचा मोडा घेऊन बसले आणि घसा साफ करून, मोकळ्या आवाजात, साताऱ्याच्या बाजारात बोलावं तसं सुरू झाले.

"तो म्हणतोय, तुला काही करता येत नाही, नुसती पडून राहतेस! ती म्हणतेय, आयुष्यभर मी केलं तेव्हा तुम्ही पडून होता!"

हे हसले. खरंखुरं. ऐकून हसले! अक्का म्हणाली, "सरी सरी, बरं सांगतीस," आणि कॉफी दिली. मी अख्खा सिनेमा सांगितला. म्हाताऱ्याला भात लावता येत नाही, तो करपवतो, ती खाटेवरून सूचना देते, दोघं भांडतात. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही मी, शपथ. यांच्यासारखा नाही. मी खरं तेच सांगत होते, आणि हे सबंध वेळ माझ्याकडं कान करून बसले होते. मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

मग शेवट आला. सकाळची वेळ. म्हातारा दोन पेल्यांत कॉफी घेऊन खाटेशी येतो. तिला हाक मारतो. परत मारतो. मग खाली बसतो आणि दोन्ही पेले शेजारी शेजारी जमिनीवर ठेवतो. एक शब्द नाही. सांगायला काहीच नव्हतं. पण हे माझ्याकडं कान करून थांबले होते.

"झोपलीये ती," मी म्हणाले. "औषध लागू पडलं, म्हणून गाढ झोप लागलीये."

पडद्यावर शेजारी जमले. कुणीतरी पांढरं कापड आणलं. बायका रडायला लागल्या. हिरवळीवरून नाकं ओढल्याचे आवाज कापडाच्या अलीकडं आम्हाला ऐकू येत होते. अक्का डोळे पुसत होती. हे माझ्याकडं बघत होते.

"स्वप्न पडलंय त्याला," मी म्हणाले. "नुसतं स्वप्न आहे हो. आता जागा होईल."

यांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"तुला कमी ऐकू यायला लागलंय गं," हे म्हणाले. "काहीच्या बाही सांगतेस. ती गेली, दिसतंय मला. तुला कानाच्या डॉक्टरकडं न्यायला हवं."

"मला?"

"सोमवारी जाऊ. एकटी घाबरशील, मी येतो सोबत." मग पडद्याकडं तोंड करून, "जातोच आहोत तर माझेही कान बघतील म्हणा."

पडद्यावर अक्षरं आली, उलटी. हिरवळीवरची माणसं उठायला लागली. मी डोळे पुसले, मोडा यांच्या खुर्चीला टेकवला आणि म्हटलं, "काय म्हणालात? मला ऐकू नाही आलं." आणि कान पुढं केला.